गावात इतिहास मंडळ काढायचंय, सुरुवात कुठून करू?

भांडुपच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देते. ताईंचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं, एके काळी गलबतं लागायची असं छोटं बाजारगाव. गणपतीला गेल्या तेव्हा बाजारपेठेतला खोतांचा, म्हणजे पूर्वी गावचा सारा वसूल करणाऱ्या घराण्याचा, जुना वाडा पाडायचं काम चालू होतं. माळ्यावरची कागदांची पेटी मजुरांनी अंगणात आणून टाकली होती, वरचे कागद पावसाने भिजले होते आणि रद्दीवाल्याला निरोप गेला होता. ताईंनी त्यातले मोडी लिपीतल्या कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मागून घेतले आणि मुंबईला आणले. आता गावचे एक निवृत्त गुरुजी, दोन तरुण शिक्षक आणि त्या स्वतः मिळून गावात इतिहास मंडळ काढायचं म्हणताहेत. सरपंच ग्रामपंचायतीची एक खोली द्यायला तयार आहेत. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं म्हणणं, आधी देवळाचा सभामंडप पुरा होऊ दे, मग बघू. ताईंचे प्रश्न असे: नोंदणी आधी करायची का? कागद कोणाकडून वाचून घ्यायचे? मी मुंबईत राहून हे जमेल का? आणि शेवटी त्या लिहितात, "आमच्याकडे शिमग्यात पालखीच्या मानावरून दोन वाड्यांचं अजून पटत नाही. इतिहास काढायला जाऊ आणि भांडण उकरून निघेल, ही धास्ती आहे."

ताई, तुमची धास्ती रास्त आहे आणि तिच्यावर मी सविस्तर लिहिणार आहे. पण आधी ते दोन रुमाल.

तुम्ही लिहिलंय की ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवलेत. आजच बाहेर काढा. ओल धरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये कोंडला की बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. घरातल्या कोरड्या खोलीत, जमिनीवर जुनी धुतलेली सुती चादर अंथरा आणि रुमाल सोडून कागद त्यावर सावलीत पसरा. उन्हात नको, उन्हाने कागद कडक होऊन मोडतो आणि शाईही उडते. पंखा लावलात तर कागदांवर थेट झोत येऊ देऊ नका. एकमेकांना चिकटलेले कागद ओढून सुटे करू नका, ते तसेच बाजूला ठेवा. ते काम जाणकार माणसाचं आहे आणि मुंबईत अशी माणसं आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तू आणि कागदांच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे जाऊन विचारा. इस्त्री फिरवणं, सेलोटेप लावणं, लॅमिनेशन करणं, यातलं काहीही करू नका. लॅमिनेशन करून "कायमचा जपला" म्हणून आणलेला कागद मी पाहिला आहे. तो आता प्लॅस्टिकपासून सुटा करता येत नाही आणि आत पिवळा पडत चाललाय.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कागद ज्या क्रमाने बांधले होते, तो क्रमही जपायचा असतो. खोताच्या कारकुनाने एका कुळाच्या पावत्या एकत्र बांधल्या असतील, किंवा एका तंट्याचे सगळे कागद एका दोऱ्यात घेतले असतील. तुम्ही ते मोठे-छोटे असे लावून ठेवलेत तर कोणाचा कोणाशी संबंध ते समजायचा मार्गच संपला. म्हणून उचलतानाच प्रत्येक कागदाला क्रमांक द्या: पहिला रुमाल, कागद एक, कागद दोन. पेन्सिलने, मागच्या कोऱ्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. मग खिडकीजवळच्या उजेडात मोबाइल वर आडवा धरून दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि कडेला शाळेतली पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. फ्लॅश नको. सगळं झालं की धुऊन वाळवलेल्या मांजरपाटात (जाड्याभरड्या सुती कापडात) पुन्हा तसंच बांधा. बाथरूमच्या भिंतीला लागलेलं कपाट टाळा. भांडुपच्या पावसात ती भिंत कायम ओली असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि हे कागद अजून तुमचे नाहीत. रद्दीत जाणार होते म्हणून मालकी बदलत नाही. खोतांच्या घरातल्या ज्येष्ठ माणसाकडून साधं पत्र लिहून घ्या, की अमुक रुमाल जतनासाठी आणि अभ्यासासाठी दिले आहेत, मूळ कागद गावातच राहतील, नकला सगळ्यांना पाहता येतील. सही, तारीख, दोन साक्षीदार. आज त्यांना त्या पेटीचं काही वाटत नाही. उद्या त्यात जमिनीचा कागद निघाला की वाटेल. तेव्हा हे पत्र तुम्हालाही वाचवेल आणि मंडळालाही.

वाचनाचं म्हणाल तर मोडी शिकणारी माणसं आज पूर्वीपेक्षा जास्त भेटतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळही घेतं. तुमच्या दोन तरुण शिक्षकांपैकी एकाला तरी शिकायला बसवा आणि शक्य असेल तर तुम्हीही शिका. बाहेरच्या वाचकाकडून एकदा वाचून घेणं वेगळं आणि गावात वाचणारा माणूस असणं वेगळं. बाहेरच्याला तुमच्या गावच्या शेतांची, पऱ्ह्यांची (ओढ्यांची), वाड्यांची नावं ठाऊक नसतात, त्यामुळे नेमकी नावंच चुकीची लागतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, म्हणून नाव ओळखायला गाव माहीत असावं लागतं.

तोवर तारखा लावायचं काम तुम्ही सुरू करू शकता. कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, इसवी सन येतो. फसली (साऱ्याच्या हिशेबाचा सन) असेल तर ५९० आणि सुहूर सन असेल तर ५९९. वर्ष कुठे सुरू होतं त्यावर एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तो नंतर बारकाईने लावता येतो. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सरातला, म्हणजे १६७४. संवत्सराचं नाव दिलेलं असेल तर शक बरोबर वाचला की नाही ते त्यावरून ताडून पाहता येतं, कारण साठ वर्षांच्या चक्रात ते नाव एकदाच येतं. सुहूर सनाचे आकडे अरबी नावांनी लिहिलेले असतात, खमस, सबैन, अलफ असे. एकदा यादी लिहून भिंतीला लावलीत की ते अंगवळणी पडतात.

आता मंडळाकडे. मला तुमच्या सगळ्या पत्रात एकच गोष्ट खटकली. गुरुजी, दोन शिक्षक, तुम्ही आणि सरपंच, असे पाच जण झालात. यातले किती जण बाजारपेठेतले किंवा वरच्या वाडीतले आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण कागद खोतांच्या वाड्यातले, खोली पंचायतीची आणि माणसं शिकलेल्या घरांतली, एवढं मला दिसतंय. यातून निघणारा इतिहास कोणाचा असेल?

रत्नागिरीच्या खोती मुलखात हा प्रश्न फार खरा आहे. खोताच्या दप्तरात काय असतं? सरकारला लिहून दिलेल्या कबुलायती, वसुलाच्या याद्या, अर्धेल-तिर्धेलीचे (पिकाच्या निम्म्या किंवा तिसऱ्या वाट्याचे) हिशेब, गहाणखतं. ज्या कुळाने पिकाचा अर्धा वाटा खोताच्या अंगणात आणून टाकला, त्याचं त्या कागदात फक्त नाव आणि भाताचं माप असतं. वेठीला कोण गेलं, कोणाची बायको खोताच्या घरी भात कांडायला गेली, ते कागदावर येत नाही. याच खोतीविरुद्ध शेजारच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. याच प्रश्नावर १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. म्हणजे कूळ म्हणून राबलेल्या आणि सातबाऱ्यावर पहिल्यांदा नाव लागलेलं पाहिलेल्या माणसांची मुलं तुमच्या गावात आज सत्तर-ऐंशी वर्षांची आहेत. तुमच्या मंडळाचा सगळ्यात मोठा खजिना त्यांच्याकडे आहे, आणि तो पेटीतल्या कागदांपेक्षा लवकर संपणारा आहे.

म्हणून माझा ठाम सल्ला: पहिली बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत घेऊ नका. वाडीवाडीत घ्या. कुणबीवाडी, बौद्धवाडी, भंडारवाडी, मोहल्ला, खारवीवाडी, जेवढ्या तुमच्या गावात असतील तेवढ्या. प्रत्येक वाडीतलं एक माणूस मंडळात असल्याशिवाय मंडळाचं नावही ठरवू नका, आणि त्यात निम्म्या बायका असतील असं बघा. लग्न होऊन आलेल्या बायकांना माहेर आणि सासर अशा दोन गावांच्या रीती माहीत असतात आणि वेगळेपण त्यांच्याच डोळ्यांत आधी भरतं.

म्हाताऱ्या माणसाला "गावचा इतिहास सांगा" म्हटलं की ते शिवाजी महाराज सांगू लागतात, कारण इतिहास म्हणजे तेच, असं शाळेने शिकवलंय. तसं विचारू नका. बंदरावर होडी नेमकी कुठे लागायची? ओहोटीला माणसं चिखलातून कशी उतरायची, बायकांना कोण उचलून आणायचं? मिठाची पोती कोण वाहायचं आणि पोत्यामागे काय मिळायचं? देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत तुम्हाला जाता यायचं? विहीर कोणाची, पोहरा कोणाचा? मुंबईची मनीऑर्डर आली की पोस्टमन घरी यायचा की तुम्ही पोस्टात जायचात, आणि पत्र कोण वाचून दाखवायचं? एक प्रश्न लागला की पुढचं आपोआप येतं. मध्ये बोलू नका. त्यांची बोली दुरुस्त करू नका आणि लिहून काढतानाही ती तशीच ठेवा.

सन विचारू नका, तो कोणालाच आठवत नाही. त्याऐवजी घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढे होतात? तो ११ डिसेंबर १९६७ चा. रामदास बोट बुडाल्याची बातमी आली तेव्हा? ती १७ जुलै १९४७. गिरण्यांचा संप सुरू झाला, १८ जानेवारी १९८२ ला, तेव्हा घरातलं कोण मुंबईत होतं आणि कोण परत आलं? कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा धाकटा कितवीत होता? अशा चार खुंट्या ठोकल्या की आयुष्य सनावार लागतं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला माणसाचं नाव, वाडी आणि तारीख बोलून घ्या आणि हे कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. काही आज्या सांगतील, मी असेतो ऐकवू नका. तो शब्द पाळा.

आता पालखीचा मान. मंडळाच्या पहिल्याच बैठकीत एक ठराव करून इतिवृत्तात लिहा: देवस्थानचे मानपान, जमिनीची मालकी आणि कोणाच्या जातीचा दाखला, या तीन बाबतींत मंडळ कोणालाही निर्णय देणार नाही आणि कोणाच्या बाजूने पत्र देणार नाही. कागद असेल तर दाखवेल, दोन्ही बाजूंना सारखाच दाखवेल, आणि पुढचं कोर्टाचं किंवा संबंधित कार्यालयाचं. हे आधी लिहिलं नसेल तर पहिल्या शिमग्यालाच कोणीतरी कागद मागायला येईल. जातीच्या दाखल्याचं तर आता फारच वाढलंय. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून गावोगाव शाळेची जुनी रजिस्टरं, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं आणि मोडी वाचणारी माणसं यांना अचानक भाव आला. लोकांची निकड खरी आहे, त्यांना नाही म्हणणं जड जाईल. तरी रजिस्टर शाळेचं आहे, नक्कल शाळाच देईल, असं सांगायचं. मंडळाने रजिस्टरांचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं हा तर सरळ गुन्हा मानावा अशी माझी भावना आहे. कोणाच्या नावापुढे काय लिहिलंय, कोणाच्या बापाचं नाव कोरं आहे, ते चव्हाट्यावर आणायचा हक्क आपल्याला नाही.

मानाच्या भांडणात मात्र मंडळ एक काम जरूर करू शकतं. दोन्ही वाड्यांची कथा वेगवेगळी, पूर्ण, त्यांच्याच शब्दांत नोंदवून ठेवायची. खरी कुठली ते ठरवायचं नाही. आपलं म्हणणं कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एवढ्यानेही गावात बराच फरक पडतो. समेट होईलच असं मी म्हणत नाही.

तुम्ही मुंबईत राहून हे जमेल का, याचं उत्तर असं की अर्धं काम मुंबईतच आहे. तुमच्या गावच्या चाकरमान्यांची गावकीची खोली असेल, लालबाग-परळकडे किंवा डोंगरीकडे, निदान पूर्वी असेलच. तिथे ट्रंका असतात. त्यांत ग्रामस्थ मंडळाची इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, खोलीत कोण कधीपासून झोपायला होतं त्याचे हिशेब, मयताला गावी न्यायचा खर्च, शाळेला पाठवलेले पैसे, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावत्या. गावात रस्ता, शाळा, नळ कधी आले त्याच्या तारखा पंचायतीपेक्षा या वह्यांत नीट सापडतात, कारण पैसे इथून गेले होते. खोल्या रिकाम्या होताहेत, चाळी पुनर्विकासात चालल्यात, आणि खोतांच्या पेटीवर आली तीच वेळ या ट्रंकांवर येणार आहे. तुमचं ग्रामस्थ मंडळ आज सभामंडप म्हणतंय ना? त्यांच्याशी वाद घालू नका. पदाधिकाऱ्यांना एवढंच विचारा, की आपल्या मंडळाची सगळ्यात जुनी वही कुठे आहे. ती सापडली आणि तिच्यात त्यांच्या आजोबांची सही निघाली की तुमचं काम त्यांचंही होईल. देवळासाठी पूर्वी कोणी किती दिले तेही तिच्यातच असेल.

बाकी मुंबईत तुमच्यासाठी दारं उघडी आहेत. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तरखाना, आहे, १८२१ पासूनचं. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याचा पत्रव्यवहार तिथे आहे, आणि तुमचं गाव बंदर होतं म्हणता तर जकातीचे कागदही मिळू शकतील. पहिल्या दिवशी काही हाती लागत नाही. सूची चाळायला शिकावं लागतं, तिथल्या कर्मचाऱ्यांना नेमका विषय आणि अंदाजे सन सांगावा लागतो. फोर्टला टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, तिथे जुनी मासिकं आणि नियतकालिकं बघा. आणि सर्वांत आधी रत्नागिरीचं जुनं गॅझेटिअर वाचा, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड, १८८० चा, रत्नागिरी आणि सावंतवाडी एकत्र. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुनी गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. शेवटच्या भागात महत्त्वाच्या गावांची अकारविल्हे माहिती आहे आणि लहान बंदरांची आयात-निर्यातही दिलेली सापडते. एक सावधगिरी मात्र बाळगा. हा ग्रंथ इंग्रज अधिकाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहवून घेतलेला आहे. त्यातली जातींची वर्णनं वाचून अंगावर काटा येतो. आकडे घ्या, तारखा घ्या, ती वर्णनं गावाच्या बैठकीत "सरकारी पुरावा" म्हणून कोणी वाचून दाखवणार नाही, हे बघा.

पण ताई, मंडळाचं अध्यक्षपद तुम्ही घेऊ नका. गुरुजींना किंवा गावातच राहणाऱ्या दुसऱ्या कोणाला निमंत्रक करा. मुंबईहून चालवलेली गावची कामं मे महिना आणि गणपती एवढीच चालतात. आणि "मुंबईवाले येऊन शिकवतात" हे एकदा गावाच्या मनात बसलं की पुसत नाही. तुम्ही मुंबईचं टोक धरा: नकला काढणं, वाचून घेणं, ट्रंका शोधणं. मूळ कागद शेवटी गावात परत गेले पाहिजेत, ते दोन रुमालसुद्धा.

नोंदणीची घाई नको, निदान एक वर्ष नको. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. गावोगाव हिंडून, लोकांची दप्तरं उघडायला लावून, त्यांचं काम कितीतरी वर्षं चालू होतं. भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते त्यानंतर, १९१० साली. काम आधी होतं, संस्था मागून आली. पुढे राजवाड्यांचं त्या मंडळाशी बिनसलं, ते दूर झाले, तरी मंडळ आज शंभरी ओलांडून उभं आहे. कारण नेमाने सभा भरायच्या, निबंध वाचले जायचे आणि ते छापले जायचे. तुम्हीही तो नेम धरा. महिन्यातून एक ठरलेला दिवस, बाजाराच्या दिवसाला जोडून, म्हणजे लांबच्या वाडीतली माणसंही येतील. तासभर बसायचं, एकाने एक गोष्ट मांडायची: एक कागद, एक फोटो, एक जुनं भांडं, एक आठवण. पाच माणसं आली तरी बैठक घ्यायची आणि लिहून ठेवायची. भातलावणीच्या दिवसांत सुट्टी.

वर्षभर हे टिकलं तर नोंदणीला जा. किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोन्ही नोंदणी आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते, तुमच्यासाठी रत्नागिरीला. घटना लिहिताना कोणाची तरी छापील घटना उतरवून काढू नका. दोन कलमं आवर्जून घाला. एक, मंडळ बंद पडलं तर कागद आणि वस्तू कोणाकडे जातील. दुसरं, वस्तू देणाऱ्याने घातलेल्या अटी पुढच्या कार्यकारिणीवरही बंधनकारक राहतील. नंतर विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो आणि दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात. गावोगावची मंडळं याच दोन गोष्टींत अडकून पडतात: जुने विश्वस्त वारतात, नव्यांची नावं लागत नाहीत आणि बँकेचं खातं गोठतं. म्हणून कागदपत्रांचा कंटाळा नसलेलं एक माणूस आधी शोधा, नोंदणी मग.

पंचायतीची खोली घ्या, पण ठराव करून, लेखी घ्या. तोंडी दिलेली खोली पुढच्या निवडणुकीनंतर सिमेंटच्या गोण्यांना जाते. आणि तिथे मूळ कागद ठेवू नका. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात बंद खोलीत वाळवी आणि कसर काय करतात ते तुम्ही जाणता. खोलीत नकला, फोटो, पुस्तकं, बसायला सतरंजी. संग्रहालयाची भाषा इतक्यात कोणी काढली तर त्याला थोपवा. वस्तू गोळा करणं सोपं, सांभाळणं कठीण, आणि घरात वापरात असलेला पाटा-वरवंटा घरातच शोभतो.

गावाच्या वेशीवर, देवळामागे, शेताच्या बांधावर कोरीव दगड असतील. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा दगड), सतीशिळा, कदाचित गधेगाळ (गाढवाची आकृती आणि शाप कोरलेला दगड). अलिबागजवळ आक्षीला शके ९३४ चा मराठी शिलालेख आहे, तोही गधेगाळच, आणि कित्येक वर्षं तो रस्त्याकडेला उघड्यावर होता. तेव्हा कुठलाही दगड क्षुल्लक समजू नका, पण जागेवरून हलवूही नका. तो कुठे उभा आहे, कुठल्या दिशेला तोंड करून, हीसुद्धा नोंद आहे. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, हळद, चुना चोळू नका, तेलरंग तर नकोच. रात्री जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका उजेड पाडा. दिवसा पुसट वाटणारी अक्षरं उठून दिसतात, त्याचा फोटो घ्या. लोक शेंदूर लावून पूजा करत असतील तर ती त्यांची श्रद्धा, त्यांच्याशी बोलून, विचारून मगच पुढे जा. जमिनीत नाणी किंवा काही द्रव्य सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते मंडळाने ठेवून घ्यायचं नसतं. कोकण इतिहास परिषदेची अधिवेशनं भरतात, तिथे तुमच्या शिक्षकांना एखादा निबंध घेऊन पाठवा. दगड वाचणारी माणसं तिथे भेटतील.

पैशांचं थोडक्यात. पहिल्या वर्षी लागतात ते मांजरपाटाला, वह्यांना, झेरॉक्सला आणि फोटो साठवायच्या दोन हार्ड डिस्कना. एक डिस्क गावात राहील, एक मुंबईत. एवढे दहा-बारा घरांतून जमतात आणि तेवढेच जमवा. कोणी इमारतीसाठी निधी देतो म्हणाला तर त्याचे आभार मानून थांबायला सांगा. इमारत आली की तिच्यावर कोणाचं नाव लावायचं, यात मंडळाची दोन वर्षं जातात. पावती पुस्तक मात्र पहिल्या रुपयापासून ठेवा आणि महिन्याच्या बैठकीत हिशेब मोठ्याने वाचून दाखवा. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळालाही दर महिन्याला त्याची प्रत पाठवत चला.